सुई निघेपर्यंत

माझ्या छातीत कातडीखाली औषध देण्याची एक लहान डबी बसवली होती. तिला पोर्ट म्हणतात. तिच्यातून शिरेत जाणारी नळी तुंबू नये म्हणून ती वेळोवेळी धुवून घ्यावी लागे, आणि त्या निमित्ताने थांबाबाईंशी माझा परिचय झाला. त्या रुग्णालयात परिचारिका होत्या. डबीत खारे पाणी सोडताना त्या थोडे ढकलत, थांबत, पुन्हा ढकलत. कोणी घाई केली की "थांबा" एवढेच म्हणत. त्यावरून हे नाव पडले. गोड बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

शेजारच्या खुर्चीवर दोन बहिणी येत. धाकटी आजारी, थोरली सोबतीला. औषधांनी धाकटीच्या हाताच्या शिरा निकामी झाल्या होत्या. तिला डबीचाच आधार होता. थोरली आणि बाई पहिल्या दिवसापासून एकमेकींना पाण्यात पाहत. सुई टोचण्यापूर्वी बाईंनी धाकटीला तोंड पलीकडे फिरवायला सांगितले, तेव्हा थोरलीने विचारले होते की आमच्या तोंडाला वास येतो का. श्वासातले जंतू सुईवर पडू नयेत, असे बाईंनी सांगितले. पण ठिणगी पडायची ती पडलीच.

उपचार संपल्यावर रिकामी डबी धूत बसणे हा रुग्णालयाचा पोट भरण्याचा धंदा आहे, असे थोरली प्रत्येक खेपेस ऐकवी. बाई उत्तर देत नसत, आणि तेच तिला अधिक झोंबे.

एकदा मात्र तिने जिव्हारी लागेल असे काढले. "घरी बोलायला कोणी नसेल, म्हणून बसवून ठेवतात आमच्या माणसांना."

बाईंच्या यजमानांना जाऊन फार काळ लोटला नव्हता. त्या वळल्या. "तुमची बहीण तरी कुठे बोलते तुमच्याशी? डोळे मिटून पडते, ते काही झोप येते म्हणून नाही."

धाकटीने डोळे उघडले नाहीत.

बोलण्याच्या भरात सिरिंज ढकलणारा बाईंचा अंगठा थांबला. रक्त गोठू न देणारे औषध शेवटी भरताना, ढकलता ढकलताच सुईला जोडलेल्या बाहेरच्या नळीची चिमटी लावायची असते. हात आधी थांबला तर शिरेतल्या नळीच्या टोकात रक्त मागे शिरते. बाईंनी चिमटी लावली, पण उशिरा. सुई काढली, पट्टी डकवली, आणि रागाच्या भरात पुन्हा धुण्याचे त्यांना सुचले नाही.

पुढच्या खेपेआधीच धाकटीचा आजार उलटला. तिला आणले त्याच दिवशी औषध सुरू व्हायचे होते. बाईंनी सुई टोचून सिरिंजचा दट्ट्या मागे ओढला. नळी मोकळी असली की रक्त येते; ते आले नाही. धाकटीला हात वर करायला लावला, खोकायला लावले, कुशीवर वळवले. तरी नाही. डबी बंद पडली असती तर छाती पुन्हा चिरावी लागली असती आणि औषध लांबले असते.

जोर लावा, आपोआप जाईल, असे थोरली म्हणाली. नळी फुटेल, मी लावणार नाही, असे बाईंनी सांगितले. तेव्हा थोरलीने खोली डोक्यावर घेतली आणि दुसरी सिस्टर मागितली. बाईंनी स्वतःच मोठ्या सिस्टरना बोलावले आणि सर्वांदेखत म्हटले, "मागच्या वेळी मी यांना उत्तर देत बसले. चिमटीला उशीर झाला. त्यानेच झालं असेल."

थोरलीला आयतेच निमित्त मिळाले. तिने मनसोक्त तोंडसुख घेतले. दुसरी सिस्टर त्या दिवशी मोकळी नव्हती. डॉक्टरांना विचारून बाईंनी गुठळी विरघळवणारे औषध डबीत भरून ठेवले आणि समोर स्टूल ओढून बसल्या. त्या आणि थोरली एकमेकींकडे पाठ केल्यासारख्या होत्या. बऱ्याच वेळाने दट्ट्या ओढला, तेव्हा रक्त आले.

कोणी कोणाचे आभार मानले नाहीत. आपलाच घोळ निस्तरला, उपकार नाही केले, असे थोरली बोललीच.

धाकटीचे औषध चढून झाले. बाईंनी शेवटची सिरिंज जोडली, अंगठा टेकवला. थोरलीने तोंड उघडले. बाईंनी मान वर केली नाही.

"ताई, मी सुई काढेपर्यंत माझ्याशी भांडू नका. नंतर हवं तेवढं भांडा."