खाडीत उतरलेला वाचक

महापेच्या एका कंपनीत मी औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती माहितीपत्रकं मराठीत तपासण्याचं काम करते. चक्कर येऊ शकते, मळमळ होऊ शकते, गोळी घेतल्यावर गाडी चालवू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोस वाढवू नका. दिवसभर हेच. त्यावरचा उतारा म्हणूनच असेल, घरी आल्यावर मी जुन्या साहसपटांवर आणि थरारक कादंबऱ्यांवर लिहायला लागले. एका मराठी वेबसाइटवर त्याचं साप्ताहिक सदर झालं.

त्या गोष्टींमधले पुरुष मला शाळेत असल्यापासून आवडायचे. साताऱ्यात वडील वाचनालयातून कव्हरवर पिस्तूल असलेल्या कादंबऱ्या आणायचे, आणि त्यांनी वाचून खाली ठेवली की मी उचलायचे. कुणाला वाळवंटातली खाण हवी असायची, कुणाला मालकाची खुर्ची, कुणाला अजून कुणीच न गेलेली वाट. एक गोष्ट डोक्यात घ्यायची आणि निघायचं. मागे काय राहिलं ते बघायचं नाही. आमचे संपादक म्हणायचे, लेखात जरा आग हवी. मी आग घालायचे. मला स्वतःला पोहता येत नाही, आणि समुद्रात घोट्याच्या वर मी कधी गेलेली नाही, हे वाचणाऱ्यांना कुठे माहीत होतं!

तळवली गावात मी तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. तळमजल्यावर घरमालक काका आणि काकी. काकांच्या वडिलांची इथे भातशेती होती, खाडीत एक होडी होती. शेती शहरात गेली, त्या जागी इमारत आली, मुली लग्न होऊन सासरी गेल्या. भाडं, पाण्याची मोटर, भाडेकरूंची भांडणं हे सगळं काकी बघायच्या. काका दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. वय साठीच्या आतलं, अंगाने दणकट, आणि दिवसभर करायला काहीच नाही.

एकदा बाथरूमची गळती बघायला ते वर आले. लॅपटॉपवर माझा सिनेमा चालू होता. जुना, कृष्णधवल. एक सुतार स्वतः बांधलेल्या होडीतून एकटाच एका बेटाकडे निघालेला असतो. काका दारातच थांबले.

"यो कुठं चाललाय?"

"बेटावर. सगळे म्हणतात तिथे बेटच नाही."

"आन हाय का?"

"बघा ना."

गळती राहिली बाजूला. सिनेमा संपेपर्यंत ते भिंतीला टेकून उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

दुसऱ्या रविवारी त्यांनी खालूनच हाक मारली. "मॅडम, आमच्याकडं मोठा टीव्ही हाय. हितं लावा." मग तो रिवाजच पडला. रविवारी दुपारी जेवणं झाली की मी लॅपटॉप घेऊन खाली जायचे. इंग्रजी संवाद मी मराठीत सांगत जायचे. काकी बाजूला बसून कोळंबी सोलायच्या, मधूनच वर बघायच्या. एकदा एक शिकारी सलग तिसऱ्या वर्षी जंगलात निघाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "याला घरी कोन नाय का?"

"बायको आहे. सुरुवातीला दाखवली होती ना, खिडकीत उभी."

"मंग ती काय करते तीन वर्षं?"

काका म्हणाले, "गप ग. बघू दे."

मी हसले. प्रश्न बरोबर आहे हे मला त्याच वेळी कळलं होतं. संध्याकाळी त्या सिनेमावर लिहायला बसले तेव्हा तो प्रश्न मी एका वाक्यात घातलाही, आणि मग काढून टाकला. लेखाची धार जात होती.

काका माझे लेख फोनवर वाचायला लागले. आधी अडखळत, मग सराईतपणे. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर दोस्तांना वाचून दाखवायचे. वडिलांच्या काही जुन्या कादंबऱ्या मी साताऱ्याहून आणल्या होत्या, त्याही त्यांनी एकामागून एक संपवल्या. मला खरं सांगायचं तर फार बरं वाटायचं. वेबसाइटवर हजार लोक वाचत असतील, पण आपल्यासमोर बसून, आपलं वाक्य आपल्यालाच म्हणून दाखवणारा वाचक मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता.

त्या सुतारावरचा लेख मी बरेच दिवस अडवून ठेवला होता. शेवटी लिहिला. त्यात असं काहीतरी होतं, की माणूस म्हातारा होतो तो वयाने नाही, तर ज्या दिवशी तो होडी किनाऱ्यावर उलटी करून ठेवतो त्या दिवशी. लेख खूप फिरला. मी ऑफिसातून येत होते, काका खुर्चीतून उठून उभे राहिले.

"मॅडम, तुमी ह्ये माझ्यावर लिवलंय."

मी दमले होते. हातात भाजीची पिशवी होती. मी हसून म्हणाले, "हो, तुमच्यावरच."

एवढंच. मी जिना चढून वर गेले.

त्यानंतर काका दुपारचे खुर्चीवर दिसेनासे झाले. वडिलांची होडी खाडीवरच्या बंदराजवळ तिवरांच्या आडोशाला उलटी पडलेली होती, तिथे ते जात होते. काकींना वाटलं, विकायला काढली असेल. एका संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं. अंगाला डांबराचा वास येत होता.

"होडी तयार हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "हितून निगायचं, वाशीच्या पुलाखालून, तसंच खाली करंजाच्या बंदरापत्तुर. बाप जायचा माझा. मी ल्हान होतो तवा एकदा गेलोय त्याच्याबरोबर. आता एकटा जानार."

"इंजिन लावलंय?"

"वल्ही हायेत की."

"काका, सोबत कुणाला तरी घ्या."

"तुमच्या त्या सुतारानं घेतला का?" ते हसले. "काकीला बोलू नका. ती जाऊ देनार नाय."

मी बोलले नाही. इथे मला स्वतःची बाजू घेता येत नाही. काळजी वाटली होती, पण काळजीपेक्षा जास्त मला आनंद झाला होता. माझ्या लेखातून एक माणूस उठून खाडीत निघाला होता. वर जाऊन मी मनातल्या मनात पुढच्या लेखाची सुरुवातही करून टाकली.

ते शनिवारी सकाळी निघाले. मला सुट्टी होती. कपडे वाळत घालत होते तेव्हा काकी वर आल्या. त्या तीन मजले सहसा चढत नाहीत, गुडघे दुखतात. दारात उभ्या राहून धापा टाकत होत्या.

"हे सकालपासून नायत. फोन घरीच ठेवलाय. तुमाला काय बोलले का?"

मी सांगितलं. होडी, पूल, करंजा, सगळं. काकींनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "कवा बोलले?"

"चार-पाच दिवस झाले."

त्या तशाच खाली गेल्या. मी मागोमाग. त्यांनी त्यांच्या भावाला फोन केला, भावाने नेरुळजवळच्या सारसोळे गावातल्या ओळखीच्या कोळ्यांना केला. मग आम्ही दोघी खालच्या खोलीत बसलो. टीव्ही बंद होता. मी दोनदा काहीतरी बोलायला गेले, काकींनी हात वर करून थांबवलं.

दुपारी फोन आला. काका सापडले होते. नेरुळ आणि सीवूड्सच्या मागे खाडीचा काठ चिखलाचा आहे, हिवाळ्यात लोक तिथे फ्लेमिंगो बघायला जातात. उन्हाने आणि वल्ह्यांनी थकून ते काठाजवळ सरकले, तोवर ओहोटी लागली आणि होडी चिखलावर टेकली. ढकलायला म्हणून ते खाली उतरले आणि मांडीपर्यंत रुतले. एक पाय कसाबसा उपटून वर काढला, तेवढ्यात होडी कलली आणि तिची कड गुडघ्यावर बसली. हाड मोडलं. तसेच होडीला धरून ते उन्हात उभे होते. कोळी पोचले तेव्हा भरतीचं पाणी कमरेपर्यंत आलं होतं.

नेरुळच्या दवाखान्यात त्यांना आत नेलं होतं. काकी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले.

"काकी, मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"तुमाला म्हाईत होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी खाली चपात्या लाटत होते. तुमी वर होता. एक हाक मारली असती तरी झालं असतं."

मला वाटलं, आता त्या ओरडतील. त्यांनी ओरडावं असं फार वाटत होतं. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. "संध्याकाली मोटर लावा. टाकी भरली नाय तर भाडेकरू बोंबलतील. भरली की बंद करायची, इसरू नका."

ती किल्ली घेऊन मी घरी आले, मोटर लावली आणि टाकी भरेपर्यंत गच्चीवर उभी राहिले.

ऑपरेशन करून काकांच्या पायात धातूची पट्टी घातली. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर चेहरा रापलेला, ओठ फुटलेले, आणि तरीही तोंडभर हसू.

"मॅडम, पूल खालून बघितलाय का कधी? वर गाड्या चालल्यात, आन खाली कसला थंडावा! आवाज पन निराला येतो." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आता लिवा माझ्यावर. खरोखरचं लिवा."

काकी पलीकडे उभ्या राहून संत्रं सोलत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

संपादकांना मी चुकून हे सांगितलं होतं. त्यांचा लगेच मेसेज आला, हा लेख जबरदस्त होईल, फोटो मिळेल का. मी नाही म्हणाले. त्याऐवजी मी त्या शिकाऱ्याच्या सिनेमावर पुन्हा लिहिलं. या वेळी खिडकीत उभ्या असलेल्या बायकोबद्दल. तीन वर्षं तिने काय केलं असेल, हे सिनेमाने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही, असं लिहिलं. लेख फारसा फिरला नाही. काकीही वाचणार नव्हत्या. त्या फोनवर भाड्याच्या नोंदीपलीकडे काही बघत नाहीत.

काकांनी वाचला. ते घरी आले होते, वॉकर घेऊन दारातल्या खुर्चीपर्यंत यायचे. मी ऑफिसातून आले तेव्हा फोन मांडीवर होता.

"चांगला हाय," ते म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "पन ह्यो माझ्यावर नाय."

"नाही, काका."

"तुमी घाबरल्या."

मी हो म्हणाले. आधी मी काकींपासून लपवलं होतं. आता काकांकडे त्या सफरीची गोष्ट तेवढी उरली होती, ती मी बरोबर-चूक ठरवून त्यांच्या हातातून काढून घेतली होती. दोघांपैकी एकाचं तरी मी भलं केलं का, ते मला सांगता येत नाही.

होडी काकींनी सारसोळ्याच्या कोळ्यांना देऊन टाकली. रविवारचे सिनेमे आपोआप बंद झाले. माझ्या भाडेकराराची मुदत संपत आली तेव्हा मी खारघरला जागा बघून ठेवली होती, कारण काकी मला सोडायला सांगतील याची खात्री होती. त्या कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सही करा." मी म्हटलं, "काकी, तुम्हाला नको असेल तर मी दुसरीकडे जाते." त्या म्हणाल्या, "कशाला? नवा भाडेकरू कसा निघंल कोनाला ठाव?" जा म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी सही केली.

सदर अजून चालू आहे. तेच सिनेमे, त्याच कादंबऱ्या. लिहिताना आता वाक्य जमून आलं की मी थांबते, आणि हे कोण वाचेल याचा विचार करते. कधी वाक्य ठेवते, कधी खोडते. ठेवलं तरी मन खात राहतं.

काका आता काठी घेऊन चालतात. डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलंय. परवा काकींनी मला हाक मारली, "मी बाजारात चाललेय. जरा यांच्याबरोबर जा." आम्ही गावातल्या तलावाच्या बाजूला गेलो. निम्मी फेरी झाली. मग ते म्हणाले, "एक सांगू? पानी वर चडायला लागलं ना, तवा मी वरडलो. आईला हाका मारल्या. आई जाऊन किती वर्षं झाली. तरी तिलाच."

मी चाल आणखी हळू केली.

"आपन बघितले त्या पिच्चरमदी असं कोन वरडत नाय," ते म्हणाले.

"नाही. त्यात दाखवत नाहीत."

त्यांनी मान हलवली. पुढे चार पावलं टाकली आणि थांबले. मी विचारलं, "दुखतंय का?"

"दुखतं." इतक्या महिन्यांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. ते कट्ट्यावर बसले, पाय हाताने उचलून सरळ केला. मीही शेजारी बसले. फोन वाजला. काकी विचारत होत्या, कुठे आहात, उन्हं उतरली. मी म्हटलं, "तलावापाशी बसलोय काकी, त्यांचा पाय दुखतोय. थोड्या वेळाने घेऊन येते."