दुसरा उकार

छापखान्यात तिला सगळे उकारबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे उकारबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. पुस्तक छापायला जायच्या आधी त्यातल्या अक्षरांच्या चुका काढणं हे तिचं काम. एकतीस वर्षं ती ते डोळ्यांत तेल घालून करत होती, आणि तिच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात कोणाला एक वेलांटी चुकीची सापडली असेल तर शपथ.

तिची युक्ती साधी होती. गोष्ट वाचायचीच नाही. तिचा नवरा शिंपी, त्याच्या टेबलावरची लाकडी पट्टी घ्यायची, ओळीखाली धरायची, ओळ संपली की पट्टी खाली. कोण मेलं, कोणाचं लग्न झालं, आपल्याला काय करायचंय? गोष्टीत जीव गुंतला की वेलांटी निसटलीच म्हणून समजा. शेकडो कादंबऱ्या अशा तिच्या डोळ्यांखालून गेल्या होत्या आणि एकीचाही शेवट तिला सांगता आला नसता.

त्या आठवड्यात आली एका बावीस वर्षांच्या पोरीची कादंबरी. पहिलंच पुस्तक, चार वर्षं खपून लिहिलेलं. काचेचा बूट, विषारी सफरचंद, शंभर वर्षं झोपलेली राजकन्या, या लहानपणच्या परीकथा घेऊन तिनं त्यांचं पार उलटंपालटं करून टाकलंय, असं मालक सांगत होते. पोरगी स्वतः येऊन, काकू, नीट बघाल ना, असं विचारून गेली होती. म्हणे नीट बघाल ना. हे कोणाला विचारतेस बाळे, असं अगदी ओठांवर आलं होतं उकारबाईच्या.

आणि सुरुवातीलाच बघा काय. राजकन्येच्या बारशाला रुसून आलेली म्हातारी एक शाप लिहून ठेवते, ‘सोळाव्या वर्षी सुत घात करील.’ सुत, पहिला उकार! दोन अक्षरी शब्द, शेवटी अ, म्हणजे आधीचा उकार दुसरा, हे उकारबाईला झोपेतून उठवून विचारा. शिवाय पुढच्याच ओळीत राजा राज्यातले सगळे चरखे जाळून टाकतो, एवढं पट्टी धरूनही दिसत होतं. मग सूतच की ते. पहिल्या सोळा पानांत हा शाप तीनदा आला होता. तिनं तिन्ही ठिकाणी लाल पेनानं दुसरा उकार दिला आणि म्हणाली, पोरगी हुशार असेल, पण शुद्धलेखनाच्या नावानं बोंब आहे.

शुक्रवारी ती दुपारची घरी शेवटची पानं घेऊन बसली होती. पलीकडे नवऱ्याचं मशीन खडखडत होतं. तीन वाजता छापखान्यात पहिली सोळा पानं मशिनवर चढणार होती. एकोणिसाव्या प्रकरणात पट्टी एक ओळ खाली सरकली आणि तिथे एक शब्द दिसला, जो आजवर कुठल्याच कादंबरीत तिला भेटला नव्हता. तो शब्द होता ‘उकार’.

राजवाड्यातल्या नकलनवीसाची मुलगी शापाच्या कागदावर बोट ठेवून म्हणत होती की हा उकार पहिला आहे. उकारबाईनं पट्टी बाजूला ठेवली. मागची दोन पानं वाचली, मग मागचं अख्खं प्रकरण. ‘सुत’ बरोबरच होता. सुत म्हणजे मुलगा. शाप सुताचा होता, सुताचाच, पण धाग्याचा नव्हे. सोळा वर्षं सगळं राज्य चरखे जाळत बसलं, म्हातारीला शुद्धलेखन येत नाही म्हणून हसलं, आणि घात करणारा राजपुत्र उघड्या दारानं आत आला. अख्ख्या राज्यात फक्त एका नकलनवीसाच्या पोरीनं लिहिलंय ते लिहिलंय तसं वाचलं होतं.

आणि उकारबाईनं तो उकार पहिल्याच पानावर पुसून टाकला होता. चार वर्षांची मेहनत, एका लाल रेघेत मातीमोल. घड्याळात तीनला दहा मिनिटं कमी होती. छापखान्याचा फोन कोणी उचलेना, मशिनवर आधीचं काही छापणं चालू असलं की तिथे कोणाला काही ऐकूच येत नसे.

“अहो, स्कूटर काढा,” ती म्हणाली.

नवऱ्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मशीन बंद केलं. गळ्यातली टेप तशीच, कोणाची तरी अर्धी शिवलेली पँट खांद्यावर तशीच, आणि निघाले दोघं. वाटेत सिग्नलला थांबल्यावर त्यानं विचारलं, झालं काय. सूत आणि सुत, ती म्हणाली. बरं, असं म्हणून त्यानं गाडी दामटली. बिचाऱ्याला ओ की ठो कळलं नव्हतं.

मशीन धडधडत होतं. मशिनमन रंग जुळवायला सुरुवातीचे कागद काढत होता. उकारबाईनं पळत जाऊन त्याला मशीन थांबवायला लावलं. मालक बाहेर आले, म्हणाले, बाई, काय चुकलंय?

“काही चुकलं नाही. मी बरोबर केलंय, तीच चूक आहे.”

तेवढ्यात तिला कोपऱ्यात ती पोरगी दिसली, हातात पहिला ओला कागद, डोळे भरलेले. ती तासभर आधीच आली होती. तपासलेल्या पानांवर तिनं बदललेला उकार पाहिला होता, मालकांना सांगितलंही होतं. मालक म्हणाले होते, उकारबाईंनी केलंय म्हणजे तेच बरोबर, एकतीस वर्षांत त्या चुकल्या नाहीत. मग पोरीलाच वाटायला लागलं होतं की आपलंच चुकलं असेल.

उकारबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं लाल पेन काढलं, तो कागद मागून घेतला आणि आपले तिन्ही दुसरे उकार स्वतःच्या हातानं खोडून पहिले केले.

“तुझं बरोबर होतं बाळा,” ती म्हणाली. “माझं शुद्ध होतं, एवढंच.”

नवीन प्लेट तयार होईपर्यंत ती कागदाच्या गठ्ठ्यावर बसली. सोबत आणलेल्या पानांतलं उरलेलं शेवटचं प्रकरण तिथेच वाचायला घेतलं. पट्टी घरी राहिली होती. नकलनवीसाची पोरगी राजपुत्राच्या समोर उभी ठाकली तेव्हा उकारबाईच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि पानं संपली तेव्हा पेनाचं टोपण लावलेलंच होतं.

पुस्तक आलं. दोनशे सत्त्याऐंशीव्या पानावर ‘राजकन्या उठुन बसली’ असं छापलंय, उठून नव्हे, उठुन. अख्ख्या पुस्तकात एवढी एकच चूक आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला उकारबाई ते पान उघडून दाखवते आणि म्हणते, ही माझी, तेव्हा मी गोष्ट वाचत होते.