वनमालाबाईंचा जादा रकाना

वनमालाबाई रामटेके नव्या माणसाची ओळख करून घेताना सगळ्यात आधी विचारायच्या, "तुमाले काही झालं तं खबर कोणाले द्याची?" समोरचा दचकायचा. मीही दचकलो होतो. मोहाडी तालुक्यातल्या एका गावाच्या त्या पोलीस पाटील, आणि मी तिथल्या ठाण्यात नवीनच बदलून आलेला गोपनीय शाखेचा हवालदार. महिन्याच्या बैठकीत मी सगळ्या पोलीस पाटलांना दरडावून सांगितलं, की गावात बाहेरचं कोण येतं-जातं त्याची वर्दी मला वेळेवर पाहिजे. बैठक संपल्यावर या ठेंगण्या बाई पिशवीतून एक जाड वही काढून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "जय भीम साहेब. तुमीबी तं बाहेरचेच ना?"

मी मूळचा बुलढाण्याकडचा. भरतीत नंबर भंडाऱ्याला लागला, तेव्हापासून इकडेच. बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. "मला काही झालं तर कुणाला कळवायची गरज नाही," मी जरा तुसडेपणानेच म्हणालो. खात्यात राहून जीभ अशीच होते. बाई म्हणाल्या, "असं कसं? मंडईले जेवाले या आमच्या घरी." आणि वही पिशवीत घालून एसटी गाठायला निघाल्या.

दिवाळीनंतर इकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, आणि त्या दिवशी घरोघरी पाहुणे उतरतात. मी गेलो. बाईंचे मालक दामोदरभाऊ अंगणात शेळीला पाला घालत होते. माणूस गरीब स्वभावाचा, बोलणं कमी. पण जेवताना मी त्या प्रश्नाबद्दल विचारलं, तेव्हा उत्तर त्यांनीच दिलं. तरुणपणी ते तेलंगणात रस्त्याच्या कामावर गेले होते. तिथे ताप मेंदूत गेला, शुद्ध हरपली, आणि ठेकेदाराच्या कागदावर त्यांचं फक्त नाव होतं. घर कुठे, माणसं कोण, कुणाला ठाऊक नव्हतं. इकडे बाईंना पत्ता लागेपर्यंत तेरा दिवस गेले. "तेरा दिवस मी कोणाचाच नोतो," दामोदरभाऊ हसत म्हणाले आणि भाताचा घास घेतला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

पुढे पोलीस पाटील झाल्यावर बाईंनी काय केलं, तर सरकारी नमुन्यात नाव, गाव, आधार नंबर आणि कुणाकडे कामाला असे रकाने होते, त्यांच्या पुढे लाल शाईने स्वतःचा एक जादा रकाना आखला. खबर कोणाले. भाताच्या रोवणीला बालाघाटकडून बाया येवोत, विटांच्या भट्टीवर छत्तीसगडची जोडपी येवोत, त्या रकान्यात काही लिहिल्याशिवाय बाई वही मिटत नसत. कुणी टाळाटाळ केली तर तिथेच फतकल मारून बसायच्या. "मले घाई नाही. तू आठव."

मी त्यांना चिडवायचो, की बाई, सरकारला माणूस कोण आहे ते पाहिजे, त्याच्यासाठी कोण रडेल ते नको. त्या म्हणायच्या, "दोन्ही एकच हाये साहेब. मांगं माणूस असला का मग माणूस सापडते."

एका हिवाळ्यात वरून आदेश आला. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, परप्रांतातून आलेल्या प्रत्येक मजुराची यादी आठ दिवसांत पाठवा आणि त्याच्या मूळ गावाहून खात्री करून घ्या. आदेशात काही वावगं नव्हतं. आपल्या हद्दीत कोण राहतं हे ठाण्याला माहीत असायलाच पाहिजे, असं मी आजही म्हणेन. गावोगावच्या याद्या आल्या. वनमालाबाईंच्या कागदावर एकच शब्द होता, निरंक, म्हणजे गावात बाहेरचं कुणीच नाही. एक गाव कमी झालं म्हणून मला बरंच वाटलं, आणि न बघता मी त्यावर सही ठोकली.

चारच दिवसांत तपासणीचं पथक त्या गावात गेलं, आणि ताराचंद भुरेंच्या मागच्या खोलीत त्यांना मुक्तार नावाचा मिस्त्री, त्याची बायको आणि लहान मुलगी सापडली. मुक्तार बंगालातल्या मालद्याकडचा. तीन वर्षांपासून गावातली घरकुलं बांधत होता. आधार कार्ड होतं, पण बोली बंगाली, आणि यादीत नाव नाही. त्याला ठाण्यात आणून बसवलं. तिकडच्या ठाण्याचा फोन काही केल्या लागेना. संध्याकाळपर्यंत खात्री आली नाही तर त्याला पुढच्या चौकशीसाठी जिल्ह्याला पाठवायचं ठरलं होतं. एकदा तिकडे गेला की सुटायला किती दिवस लागतील, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. त्याची बायको बाकावर बसून होती.

अकराच्या एसटीने बाई आल्या. ठाणेदारसाहेबांचा पारा चढलेलाच होता. "निरंक कसं लिहिलं तुम्ही? तीन माणसं डोळ्यांसमोर राहतात!"

"चूक माजी हाये साहेब," बाई म्हणाल्या. "त्याले काहून बसवून ठेवता? मले बसवा. कागदावर इचारलं, बाहेरचे किती. आता मुक्तार तीन मंडया झाल्या ताराचंदच्या घरी जेवून राहिला. आमच्या गावात ज्याच्या घरी मंडईले जेवला, तो त्या घरचाच धरतात. तं मी त्याले भुरेच्या घरात लिवलं. बाहेरचा कसा लिवू?"

साहेब काही बोलायच्या आत त्यांनी वहीतलं घरवार नोंदीचं पान उघडलं. भुरे यांचं घर. खाली ताराचंद, त्यांची बायको, आई, आणि मग मुक्तार, त्याची बायको, मुलगी. पुढे लाल रकान्यात मुक्तारच्या मोठ्या भावाचं नाव, तिकडे मूळ गावी शाळेत मास्तर, आणि मोबाईल नंबर. मी तो नंबर लावला. मास्तर दुसऱ्याच घंटीला बोलले. त्यांनी मुक्तारचं नाव असलेलं शाळेचं जुनं दाखल खारीज रजिस्टर काखेत मारलं, मोटारसायकल काढली आणि स्वतः तिकडच्या ठाण्यात जाऊन उभे राहिले. चार वाजता तिकडून रीतसर खात्री आली. मुक्तारने आधी बायकोकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाई म्हणाल्या, "चाल, साडेचारची गाडी हाये." जसं काही बाजाराला आले होते सगळे.

बाईंना नोटीस मिळाली, ती मिळायलाच हवी होती. खुलासा त्यांनी दोन ओळींत दिला, की चूक मान्य, यापुढे घरातही लिहीन आणि बाहेरच्यांतही लिहीन. ठाणेदारसाहेबांनी ताकीद देऊन प्रकरण मिटवलं. मला बोलावून म्हणाले, "तो लाल रकाना आपल्या फॉर्मवर घ्या." तेव्हापासून ठाण्यातल्या प्रत्येक फॉर्मवर मी पट्टीने तो आखत आलो.

गेल्या वर्षी साठी झाली आणि बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेली मुलगी पदवीधर, सगळं मोबाईलवर भरणारी. दप्तर तिच्या हवाली करताना पानं तपासून सही करायला मी गेलो होतो. दामोदरभाऊंनी चहा आणला. घराघराची पानं उलटत मी रामटेके यांच्या घरावर आलो. बाई, दामोदरभाऊ, सासू, दोन मुली. आणि सहाव्या ओळीवर माझं नाव. मूळ गाव बुलढाण्याकडे, काम पोलीस. तारीख होती मी पहिल्यांदा मंडईला जेवलो त्या दिवसाची. इतकी वर्षं त्या वहीत मी होतो, आणि मला पत्ता नव्हता. लाल रकान्यात एकच शब्द होता, आमालेच.

माझे डोळे भरून आले. लपवायला मी चष्मा पुसत बसलो.

"काहून थांबले साहेब?" बाईंनी विचारलं. "लिवण्यात काही चुकलं का?"

"नाही," मी म्हणालो, आणि पानाखाली सही केली.