उलटी

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उलटी प्रतिक्रिया येऊ शकते." मी कागदावर लिहून घेतलं, 'उलटी झाली तर आणणे.'

पुढचं त्या सांगत होत्या तेव्हा मी फोनवर आमच्या मालकांना बेदाण्याच्या पेट्या कुठल्या खोलीत आहेत ते सांगत होतो. पेशंट माझा कामावरचा सोबती; त्याच्या बायकोनं मलाच मुद्दाम आत धाडलं होतं. "भावजी, तुमी शिकलेलं. तुमास्नी कळंल."

कवठे महांकाळला आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी कारकून आणि तो बेदाणा पारखणारा. तुम्हीआम्ही बेदाणा सरळ तोंडात टाकतो. तो आधी उजेडाला धरायचा, एक डोळा मिटायचा आणि निकाल द्यायचा, "हिरवा न्हाई. हिरवट हाय." एकदा गंमत म्हणून मी चांगल्या मालात एक काळा दाणा दडवला. त्यानं तो उचलून माझ्याच खिशात टाकला. "सायेब, तुमचा दाणा पडलाय."

मग त्याला ताप, डोकेदुखी सुरू झाली. मेंदूच्या आवरणाचा टीबी निघाला. गोळ्या लागू पडल्या, गडी घरी आला, महिन्याभरानं कामावरही येऊन बसू लागला. मी रोज चौकशी करायचो.

"उलटी?"

"न्हाई. डोस्कं लय ठणकतंय पर."

"उलटी न्हाई ना? मग झकास."

एक दिवस त्यानं काळा दाणा उजेडाला धरला आणि म्हणाला, "हिरवा." मला वाटलं, माझी फिरकी घेतोय. मी निवडणाऱ्या बायकांनाही बोलावून सांगितलं. सगळ्या हसल्या. तो हसला नाही. दाणा डोळ्याजवळ आणत राहिला.

आठवड्यानं तो मिटलेल्या दारावर जाऊन आदळला. पुन्हा सांगली.

"गोळ्या काम करत असतानाच कधीकधी आजार भडकल्यासारखा दिसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मरणाऱ्या जंतूंवर शरीर चवताळतं, सूज येते, डोळ्यांच्या नसा दबतात. डोकं दुखलं, नजर मंदावली तर त्याच दिवशी आणा, गोळ्या मात्र थांबवू नका, असं सांगितलं होतं ना?"

मी खिशातला कागद पुढं केला. त्यांनी तो वाचला आणि परत दिला.

सूज उतरवायची औषधं वाढवली. गोळ्यांचा कोर्स पुरा झाला. दवाखान्याच्या कागदावर 'बरा झाला' असा शेरा आला. नजर आली नाही. आता येणारही नाही, हे डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं नाही, त्याच्या बायकोला सांगितलं.

मी दर रविवारी दुपारी जातो. तो भिंतीकडं तोंड करून झोपलेला असतो. मी शेजारी बसून तासभर बाजाराच्या, गावाच्या गप्पा मारतो, झोपलेल्या माणसाशी.

गेल्या रविवारी त्याची बायको उंबऱ्यापर्यंत आली.

"भावजी, एक बोलू? रागावू नगा."

"बोला की, वैनी."

"आवं, झोपल्यालं नसत्यात ते. तुमचा आवाज आला की आडवं हुत्यात. तुमी गेलासा की उठून जेवत्यात. तवा जरा लवकर जात जावा."