प्रज्ञाला घेऊन उल्हासनगरला

बदलापूर ते उल्हासनगर हा काही वर्णन करून सांगावा असा प्रवास नव्हे. बदलापूरला लागून असलेल्या आमच्या शिरगावातली माणसं लग्नाचं कापड घ्यायला तिकडे जातात आणि रात्रीच्या जेवणाला घरी असतात. पण नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यात आम्ही निघालो, तेव्हा घरात परदेशी निघाल्यासारखी गडबड होती. सहा वर्षांच्या प्रज्ञाला थॅलेसेमिया (अंगात पुरेसं रक्त न बनण्याचा जन्मजात आजार) असल्याचं नुकतंच कळलं होतं. उल्हासनगरच्या एका दवाखान्यात अशा मुलांना दिवसभर ठेवून रक्त चढवत आणि संध्याकाळी घरी सोडत. "एकदाच जायचं, एक बाटली चढली की झालं," असं मी प्रज्ञाला सांगितलं होतं. माझाही त्यावर विश्वास होता.

आईने पहाटे उठून लोखंडी तव्यावर कलेजी परतली, गुळाच्या पोळ्या केल्या आणि डबा सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या हातात दिला. "पोरीच्या अंगात रक्त भरायचंय, सगळं खायला घाल."

अंबरनाथजवळ मोरिवलीपाशी एस.टी. बंद पडली. कारखान्यांचा उग्र वास खिडकीतून आत येत होता. मी अंबरनाथला एका कारखान्यात फिटर, त्यामुळे मला बसवेना. खाली उतरून इंजिनात डोकं घातलं, तर ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, पोरगी आजारी आहे ना? मग रिक्षा पकडा की." सुनंदा माझ्याकडे बघत होती. रिक्षा पकडली.

उल्हासनगरात फर्निचर आणि कपड्यांच्या दुकानांमधून वाट काढत दवाखाना गाठला. वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. पलंगांवर मुलं हाताला सुई लावून पत्ते खेळत होती. प्रज्ञाला सुई टोचली तेव्हा ती रडली नाही, मीच खिडकीपाशी गेलो. मग थेंब पडू लागले आणि माझी येरझार सुरू झाली. थेंब हळू पडतात असं वाटून मी नर्सला दोनदा बोलावलं.

"काका, तुम्ही बसा बघू," ती म्हणाली. "घाई केली तर तिलाच त्रास होईल."

दुपारी सुनंदाने डबा उघडला. शेजारच्या पलंगाजवळ एक सिंधी बाई बसली होती. ती झटकन उठून आली.

"भाभी, ये मत खिलाओ. कलेजी, गुड़, सब बंद. इन बच्चों के अंदर लोहा जमा होता है. हमने तो घर में सई भाजी (सिंध्यांची पालक आणि डाळीची भाजी) भी बंद कर दी."

नर्सनेही मान हलवली. सुनंदाने डब्याचं झाकण लावलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. महिनोन् महिने आम्ही पोरीला तेच तर चारत होतो, तेही लाडाने. बाईने आपल्याकडचा डाळ-भात प्रज्ञाला दिला, वर कपभर चहा. जेवणाबरोबर चहा घेतला की लोह अंगाला कमी लागतं, म्हणाली. सहा वर्षांच्या पोरीला चहा! आई ऐकती तर तिने दवाखानाच डोक्यावर घेतला असता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी बाईंना विचारलं, "आप कब से आते हो?"

"रोमा दूध पीती थी तब से."

मी पलंगाकडे पाहिलं. रोमा दोन वेण्या घातलेली, दहावीचं पुस्तक वाचणारी मुलगी होती. नर्सला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "तीन-चार आठवड्यांनी यायचं, काका. कायम. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?" कदाचित सांगितलंही असेल. मी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही परतीची एस.टी. पकडली. बदलापूरला उतरल्यावर सवयीने प्रज्ञाला उचलायला वाकलो, तर ती चालू लागली. गालांवर रंग आला होता. ती भराभर पुढे जात होती आणि मी मागून तिला गाठत होतो. शेवटी शिरगावच्या वळणावर तिला थांबवलं.

"प्रज्ञा, आपल्याला परत जायचंय तिकडे."

"कधी?"

"पुढच्या महिन्यात. मग त्याच्या पुढच्या. नेहमीच."

"रोमाताई पण नेहमी जाते?"

"हो. अगदी लहान होती तेव्हापासून."

"मग ती मोठी झाली ना," प्रज्ञा म्हणाली आणि आजीला हाका मारत घराकडे पळाली.

त्याच रोमाकडे बघून मी दुपारपासून घाबरलो होतो. सुनंदाने माझा हात धरला आणि आम्ही दोघं प्रज्ञाच्या मागे निघालो.