स्टीलच्या पत्र्यावर बाबांचं नाव

माझ्या दादाने केलेलं पहिलं स्टीलचं शिल्प वणीतल्या आमच्या अंगणात उभं राहिलं, तेव्हा मी नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिली होती. साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. शिल्प हा शब्द मला ठाऊक होता, पण मी तो पुतळ्यालाच लावत असे. दादाच्या शिल्पाला डोकं नव्हतं, हात नव्हते. स्टेनलेस स्टीलचे तीन लांब पत्रे जमिनीजवळ एकत्र निघून, वर जाता जाता एकमेकांपासून वळत दूर गेले होते. उंची माझ्या खांद्याइतकी. सकाळचं ऊन त्यावर पडलं की समोरच्या कुडाच्या भिंतीवर पाण्यासारखा उजेड हलायचा.

वस्तीतले लोक येऊन पाहून जायचे. शेजारची मावशी तर रोज यायची.

"काय होय रे बाबू हे? सूप हाये का पंखा?"

"काहीच नाही मावशी. नुसता आकार हाये."

"काहीच नाही, त एवढं घासून कायले राह्यला बापा?"

दादा हसायचा आणि घासत राहायचा. मुंबईत तो दिवसा भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करी आणि संध्याकाळी कलाशाळेत शिके. कारखान्यातले उरलेले पत्रे मालकाने त्याला दिले होते. मुंबईच्या खोलीत माणसांना पाय पसरायला जागा नव्हती, तिथे शिल्प कुठे करणार? म्हणून पत्रे घेऊन तो गावी आला. राजूरच्या खाणीच्या वर्कशॉपात बाबांचे एक जुने सोबती वेल्डर होते. काम नसेल तेव्हा त्यांनी जोडणी करून दिली. बाबा त्याच खाणीवर होते. त्यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

हे शिल्प मुंबईच्या एका मोठ्या प्रदर्शनाला जायचं होतं. तिथे निवड झाली, तर कलाशाळेत मदतनीस शिक्षकाची जागा मिळेल, असं दादाच्या सरांनी सांगितलं होतं. आणि ती जागा मिळाली तर मला यवतमाळच्या कॉलेजात घालायचं, हे दादाने मायला कबूल केलं होतं. नाही मिळाली, तर तो पुन्हा कारखान्यात आणि मी मायबरोबर कापूस वेचायला. दादा तसं बोलून दाखवत नव्हता, पण घरात तिघांनाही ते माहीत होतं.

पाठवायच्या आदल्या दिवशी दादा खोका करून आणायला सुताराकडे गेला. मी त्याच्याबरोबर होते. परत आलो तेव्हा माय दारातच उभी होती, खूष होती.

"बाबू, मी नाव टाकून घेतलं."

दादाला काही कळलं नाही. मलाही नाही. मग आम्ही पाहिलं. मधल्या पत्र्यावर, जिथे वळण सगळ्यात मोकळं होतं, तिथे छिन्नीने ठिपके ठोकून बाबांचं पूर्ण नाव आणि खाली 'वणी' असं कोरलं होतं.

हे आजच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. आमच्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते घराबाहेर जाऊ देत नसत. लग्नाच्या स्वयंपाकाला दहा घरचे गंज, पराती, बकेटी गोळा होतात, सगळी सारखीच दिसतात. नाव नसलेलं भांडं कुणाच्या घरी गेलं ते कळत नाही. मायच्या दृष्टीने दादाची स्टीलची वस्तू मुंबईला चालली होती, शंभर लोकांच्या वस्तूंत ठेवली जाणार होती. बिननावाची पाठवायची कशी? बाजारात भांड्यांच्या दुकानापुढे नाव घालणारा बसे. त्याला ती घरी घेऊन आली होती.

त्या माणसाशी झालेलं बोलणं तिने नंतर आम्हाला रंगवून सांगितलं. त्याने सवयीने 'कै.' पासून सुरुवात करायला छिन्नी टेकवली होती.

"कै. नको घालू," माय म्हणाली.

"काहून? वारले म्हणता ना?"

"वारले. पण आमचे लोक आता कैलासात नाही जात बापा. नुसतं नाव घाल."

दादा नाव घातलेल्या पत्र्यापुढे उकिडवा बसला. त्याने पॉलिश पेपर घेतला आणि त्या जागी घासायला लागला. थोड्या वेळाने थांबला. मला हळूच म्हणाला, "ठिपके खोल गेले. इतकं घासलं त खड्डा पडन. उजेड तिथंच तुटन." त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. बाबा गेले तेव्हासुद्धा नाही.

मायला आता समजलं, की काहीतरी बिघडलं आहे.

"अक्षर वाकडं आलं का?"

"नाही माय. नाव टाकाचंच नव्हतं."

"मंग हे आपलं होय, हे लोकाले कसं समजन?"

"समजते त्याईले."

माय खाली बसली. तिचा आवाज चढला नाही. "खाणीवर तुह्या बापाले नंबरानं हाक मारत. मुकादमाले नाव माहीतच नव्हतं. धम्माची दीक्षा घेतल्यावर वस्तीनं वर्गणी करून लग्नाची भांडी घेतली, तवा त्याईनं आपल्या गडव्यावर नाव टाकून आणलं. पहिल्यांदा. रातभर उशाशी घेऊन झोपले होते. तुले माहीत नसन, तू मुंबईले गेलता."

दादाला खरंच ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण ते कधी सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. बाबांना वाचता येत नव्हतं. ते त्या तांब्यावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवायचे आणि मला म्हणायचे, "वाच पोरी." मी वाचायची. पुन्हा म्हणायचे, "वाच."

दादाने पेपर खाली ठेवला. बराच वेळ तो शिल्पाभोवती फिरत होता, वाकून पाहत होता, दूर जाऊन पाहत होता. मग त्याने पॉलिशचं कापड घेतलं आणि घासल्याने मंद झालेली जागा पुन्हा चमकवली. ठिपके तसेच राहू दिले.

"नाही घेतलं त्याईनं त?" मी विचारलं.

"त नाही घेतलं."

दुसऱ्या दिवशी शिल्प कुटारात, म्हणजे गुरांच्या भुशात, आणि गोणपाटात गुंडाळून, खोक्यात घालून वणी स्टेशनवर मालगाडीत चढवलं. पाठोपाठ दादाही मुंबईला गेला. मी मायबरोबर शेतात निंदणाला जायला लागले. आपलं कॉलेज हुकलं, असं मी मनात धरून चालले होते. त्या दिवसांत मायने मला एकदाही कामाची घाई केली नाही.

शिल्प निवडलं गेलं. बक्षीस मिळालं नाही, पण दादाला जागा मिळाली. त्याच पावसाळ्यात मी वळकटी घेऊन यवतमाळला गेले आणि चार वर्षांनी आमच्या वस्तीतली पहिली पदवीधर मुलगी झाले. त्याचं श्रेय मला लोक देतात. मी घेत नाही. खोलीचं भाडं देऊन उरलेला पगार दादाने दर महिन्याला पाठवला. आणि ज्यांनी त्याला खाणीच्या वर्कशॉपात पत्रे जोडून दिले, त्यांनी माझी पेटी डोक्यावर घेऊन मला मोटारीत बसवलं होतं. या सगळ्यांचं ऋण फेडण्याइतकं मी काही केलेलं नाही. निदान ते लिहून ठेवावं, इतकंच.

दिवाळीच्या सुट्टीत दादा घरी आला, तेव्हा त्याने सांगितलं की शिल्प एका इस्पितळाने घेतलं, दारासमोर ठेवायला.

माय चुलीजवळ होती. "म्हणजे परत नाही येत?"

"नाही माय. इकलं."

"इस्पितळवाल्यायनं कायले घेतलं? लग्न हाये का त्यायच्या घरी?"

आम्ही दोघं इतके हसलो, की मावशी कुडावरून डोकावली. माय मात्र हसली नाही. ती विचार करत होती.

"मंग नाव तिकडंच राहीन?"

"राहीन."

"येणारे-जाणारे वाचतीन?"

"दारातच हाये. वाचतीनच."

"बरं, राहू दे मंग," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकर उलटली.