करार होईपर्यंत थांबू

सासूबाईंशी मला एकच वाक्य बोलायचं होतं. 'आई, तुम्ही आता आमच्याकडेच राहायला या.' साडेतीन वर्षं मी ते बोललो नाही, आणि दर वेळी कारण म्हणून इंग्लंडची संसद पुढे केली.

मी रसायनशास्त्रज्ञ आहे. नोकरीची पहिली काही वर्षं इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात काढली, मुलगी तिथेच झाली, तिथला पासपोर्ट घेतला. मग जर्मनीत लुडविग्सहाफेनला चांगली जागा मिळाली म्हणून आम्ही तिघं ऱ्हाईनकाठी आलो. तेव्हा ब्रिटिश पासपोर्ट म्हणजे युरोपचाच पासपोर्ट होता. पुण्याहून आलेले सहकारी आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या परवान्यांच्या कचेरीच्या दारात कागदांची जाडजूड फाइल घेऊन उभे असायचे. मी फक्त गावात नाव नोंदवून घरी आलो. बायको भारतीय नागरिकच राहिली होती, पण माझ्यामुळे तिचंही राहण्याच्या परवान्याचं कार्ड विनासायास झालं.

आणखी एक सवलत होती, ती तिने शोधून काढली. युरोपातल्या दुसऱ्या देशाचा नागरिक जर्मनीत राहत असेल, तर आपल्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना, बायकोच्याही आईवडिलांना, तो कायमचं इथे आणू शकतो. खुद्द जर्मन माणसाला ते इतक्या सहज जमत नाही. बायकोला हे कळलं तेव्हा तिने तो कायदा दोनदा वाचला. ती एकुलती एक. वडील गेलेले. आई नाशिकला एकट्या, आणि काचबिंदूने त्यांची नजर थोडी थोडी जात चाललेली.

ही सवलत असलेल्या माणसाने, म्हणजे मी, ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं या सार्वमताच्या वेळी 'बाहेर पडा' यावर फुली मारली.

मतपत्रिका पोस्टाने आली होती. बायको जर्मनच्या वर्गाला गेली होती. मी फुली मारली, पाकीट बंद केलं आणि कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीत टाकून आलो. राग जुना होता. मुलीच्या बारशाला माझे वडील इंग्लंडला येणार होते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. व्हिसा नाकारला, कारण ते परत जातील याची अधिकाऱ्याला खात्री वाटली नाही. त्याच महिन्यात प्रयोगशाळेतल्या पोलिश सहकाऱ्याचे वडील नुसतं ओळखपत्र दाखवून आले आणि आमच्या शेजारच्या घरात महिनाभर राहिले. चांगले गृहस्थ होते, मला त्यांनी लोणच्याची काकडी दिली. नात न बघताच माझे वडील पुढे वारले. ज्या दाराने ते पोलिश गृहस्थ आले ते दार बंद व्हावं असं मला वाटलं, आणि मी स्वतः त्याच दाराने जर्मनीत आलो आहे याचा विचार मी केला नाही. खरं सांगायचं तर केला, आणि बाजूला ठेवला.

निकाल लागला त्या दिवशी बायको टीव्हीसमोर उभीच राहिली. "आता आईचं काय?" एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "बघू. करार होईल काहीतरी." मी मत कुठल्या बाजूने दिलं ते तिने विचारलं नाही. तिला शंकाच आली नाही.

पुढे ब्रिटन आणि युरोपमधल्या कराराचा मसुदा आला. त्यातला नागरिकांच्या हक्कांचा भाग तिने छापून आणला आणि पिवळ्या पेनाने रंगवला. जे आधीपासून इथे राहतात त्यांचे हक्क तसेच राहणार होते, आईवडिलांना आणायचासुद्धा. पण करारच झाला नाही, तर कशाचीच खात्री नव्हती. आम्ही तळमजल्यावरचं घर शोधलं. घरमालकाच्या परवानगीने तिने टब काढून तिथे बसून अंघोळ करता येईल असं करून घेतलं. उरलं होतं फक्त माझं वाक्य.

कारण सासूबाईंची अट होती. लेकीकडे जाऊन राहायचं तर जावयाने स्वतः म्हटलं पाहिजे. लेकीने शंभरदा बोलावलं तरी ते बोलावणं नव्हे. "ते स्वतः म्हणाले तर मी येईन," असं त्यांनी सांगितलं होतं. इतकं साधं होतं.

त्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या एका काकांनी शनिवारी त्यांच्या बागेत बोलावलं. ते इथल्याच कारखान्यातून निवृत्त झालेले, जर्मन बायको, जर्मनीत चाळीस वर्षं. गावाबाहेर भाड्याने घेतलेला बागेचा तुकडा, त्यात एक लाकडी खोपटं, शेगडीवर कणसं. इंग्लंडच्या संसदेने करार तीनदा फेटाळला होता.

"काय राणीचे नागरिक," काका मला म्हणाले, "घेणार का नाही तुमचे लोक हा करार?"

"माझ्या हातात असतं तर मीही फेटाळला असता," मी म्हणालो. "अर्धं आत आणि अर्धं बाहेर, याला बाहेर पडणं म्हणत नाहीत. पडायचं तर पूर्ण पडा."

"अरे, आमचा संसार चाळीस वर्षं अर्धा आत अर्धा बाहेर असाच चाललाय. हिला वरण नको, मला हिचं आंबट कोबीचं नको. काय बिघडलं?"

काकूंना आपल्याबद्दल चाललंय एवढं कळलं. "वास झाक्ट एर?" त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, काय म्हणतोय हा. बायको कणीस फिरवत होती. तिने जर्मनमध्ये त्यांना काहीतरी सांगितलं, त्या हसल्या. मग ती वर न बघता मराठीत म्हणाली, "ह्याचं काय जातंय फेटाळायला." काकांनी विषय टोमॅटोंवर नेला.

परतताना ट्राममध्ये तिने विचारलं, "आईला कधी बोलणार आहेस?"

"करार होईपर्यंत थांबू. आधी बोलवायचं आणि मग नाही जमलं म्हणायचं, ते वाईट दिसेल."

"तू बोलाव तरी. नाही जमलं तर तिला कळेल की जमलं नाही. बोलावलंच नाही, हे वेगळं आहे."

मुलगी पुढच्या सीटवर होती. मागे वळून म्हणाली, "आल्झो, आजी कॉम्ट निष्ट?" येत नाही का आजी. आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्याच आठवड्यात मी जे केलं ते लिहायला मला सगळ्यात जड जातंय. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये बसून मी इंग्लंडमधल्या माझ्या जुन्या गावच्या खासदाराला मेल लिहिली. हा अर्धवट करार स्वीकारू नका, असं. तत्त्वाच्या गोष्टी लिहिल्या. पण तत्त्व हे कारण नव्हतं. सासूबाईंना बोलवायचं तर करार व्हावा असं मनापासून वाटायला हवं होतं, आणि तसं वाटून घेतलं की माझं मत चुकलं हे आपोआप कबूल होत होतं. करार मोडला तर बोलवायचा प्रश्नच उरत नव्हता, आणि दोष संसदेच्या माथी जात होता. मेलला दोन ओळींचं छापील उत्तर आलं. माझ्या लिहिण्याने तिथे काही हललं नसेल, पण मी काय मागितलं होतं ते मला माहीत आहे.

अखेर करार झाला. थोडं इकडचं तिकडे करून, त्याच हक्कांसह. त्या रविवारी बायकोने नाशिकला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"आई," मी म्हणालो, "कागदांचं सगळं मार्गी लागलंय. तुम्ही आता आमच्याकडेच राहायला या."

त्या म्हणाल्या, "अहो, किती छान वाटलं ऐकून. पण माझं मागच्या महिन्यातच ठरलं. माझ्या शाळेतली मैत्रीण राहते ना, त्या वृद्धाश्रमात मीही खोली घेतली. लेकीला आज सांगणारच होते."

"आई, संसदेत ठरत नव्हतं म्हणून मी..."

"हो, ती सांगायची सगळं. पण तुमच्या घरातलं तर तुम्हीच ठरवणार होतात ना. साडेतीन वर्षं तुम्ही विषय काढला नाहीत, तेव्हा मी समजले. राग नाही हो माझा."

"अजूनही येता येईल तुम्हाला. हक्क आहे तो."

"आता नाही जमायचं. तेव्हा दिसत होतं, तुमचं घर डोळ्यांनी पाठ करून घेतलं असतं. आता नवीन जागा कशी शिकू? इथल्या पायऱ्या मोजून झाल्यात माझ्या. बाथरूमपर्यंत एकोणीस पावलं."

फोन मी बायकोला दिला. ती आईशी थंडीबद्दल बोलली, औषधांबद्दल बोलली. ठेवल्यावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, मत आणि मेल, दोन्ही.

"मताचं मी समजू शकते," ती म्हणाली. "तुझ्या बाबांचं काय झालं ते माहितीये मला. मेल लिहिताना आई डोक्यात होती तुझ्या?"

नाही म्हणणं सोपं होतं. "होती," मी म्हणालो.

ती उठून मुलीचे कपडे तिच्या खोलीत ठेवायला गेली.

दोन महिन्यांत साथ आली आणि विमानं बंद झाली. दीड वर्ष ती आईला भेटू शकली नाही. त्या काळात त्यांची उरलेली नजर गेली. वाट मोकळी झाल्यावर बायकोने एका सकाळी कॉफी ओतताना मला सांगितलं की ती यापुढे अर्धं वर्ष नाशिकला राहील, अर्धं इथे. वृद्धाश्रमाजवळ एक खोली बघून ठेवली होती. सहा महिन्यांच्या वर एक दिवस नको, नाहीतर इथलं कार्ड जाईल, हे कलम तिला पाठ होतं. चालेल का, असं तिने विचारलं नाही. मी चालेल म्हणालो.

आता ती तिकडे असते तेव्हा दर रविवारी मी फोन करतो. आधी ती बोलते, मोजकं. मग फोन सासूबाईंकडे देते. काय जेवलात, एकटेच करता का, असं त्या विचारतात. आणि मग प्रत्येक वेळी म्हणतात, "माझ्यामुळे तुमची गैरसोय होते हो. लेक इथे अडकते माझ्यापायी. माफ करा मला." मत आणि मेल, यातलं काहीच त्यांना ठाऊक नाही. बायकोने सांगितलेलं नाही, आणि मीही नाही.

"नाही हो आई, कसली गैरसोय," मी म्हणतो, आणि त्यांची माफी ऐकून घेतो.